प्रश्न घेऊन इगतपुरीला जाणार असाल तर

‘मी नेमका कोण’, ‘मेल्यावर काय’ असे प्रश्न पाठ सोडेनासे झाले की कुणी ना कुणी इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातला दहा दिवसांचा विपश्यना ध्यानवर्ग सुचवतंच. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतला हा वर्ग चांगला आहे, पण तिथे या प्रश्नांवर बोलायला कुणी बसलेलं नसतं.

दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन. फोन, पुस्तकं, वही-पेन जमा. म्हणजे चिंतन लिहून काढायचीही सोय नाही! साहाय्यक आचार्यांना भेटता येतं ते दुपारी बारा ते एक, नाहीतर रात्री नऊनंतर अर्धा तास. ‘आत्मा असतो का?’ असं विचारलंत तर गाडी पुन्हा श्वासावर आणि संवेदनांवरच येते. वादविवादाची हौस असलेल्यांचा इथे हिरमोड होतो.

पहाटे चारला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद. मधले दहा-साडेदहा तास बसणं. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहणं: नाकपुड्यांखालच्या, वरच्या ओठापर्यंतच्या एवढ्याशा जागेवर लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना नुसत्या न्याहाळणं, शिकवतात, आणि तिथून रोज तीनदा तासभर ‘अधिष्ठान’, म्हणजे डोळे, हात, पाय न उघडता बसायचं. गुडघ्यात कळ उठते, वाढते, मग कधी आपोआप विरते. मरणाबद्दल डोक्याने केलेला विचार आणि ‘अनित्य’ असं अंगावर दिसणं यातला फरक इथे कळतो. वर्गाची खरी किंमत तीच.

फसगत होते ती उत्साहाच्या भरात पद्मासन घालून बसणाऱ्यांची. दुसऱ्याच दिवशी पाय बोलायला लागतात. साधी मांडी घाला, बुडाखाली उशी वाढवा. गुडघ्याचा किंवा पाठीचा जुना त्रास असेल तर खुर्ची मागा, त्यात कमीपणा नाही. अधिष्ठान सोडून बाकीच्या तासांत पाय हलवले तर चालतं. मानसिक आजार किंवा चालू औषधं अर्जात लपवू नका, आणि गोळ्या स्वतःहून बंद करून तर मुळीच जाऊ नका.

जेवण शाकाहारी, साधं. अकरा वाजता शेवटचं. पाच वाजता नव्यांना चहा-फळं, आधी वर्ग केलेल्या जुन्या साधकांना फक्त लिंबूपाणी. शुल्क नाही, वर्ग पूर्ण केल्यावरच दान घेतात. अर्ज ऑनलाइन, जागा लवकर भरतात. पावसाळ्यात इगतपुरीला कपडे वाळत नाहीत, दोन जोड जास्त घ्या. गजराचं घड्याळ आणि टॉर्चही हवी.

अकराव्या सकाळी साडेसातच्या सुमारास सुटका होते. त्याच दिवशी ऑफिस गाठायचा बेत मात्र करू नका. दहा दिवसांच्या शांततेनंतर कसाऱ्याच्या लोकलमधला गोंगाटही कानठळ्या बसवतो.