एमएस-सीआयटी की वस्तीतला वर्ग?

नाशिकमध्ये देणगीतून गरजू मुलीला कॉम्प्युटर शिकवायचा म्हटलं की पहिलं नाव निघतं एमएस-सीआयटीचं. २००१ पासूनचा कोर्स, परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळाची, आणि अनेक सरकारी पदांच्या अर्जांना हेच प्रमाणपत्र चालतं. बारावी झालेली, नोकरीच्या शोधात असलेली मुलगी असेल तर दुसरा विचारच नको. तिची फी भरून टाकावी.

पण तिच्या आईचं काय?

फुलेनगरसारख्या वस्तीत, समाजमंदिरात चार लॅपटॉप मांडून दुपारचा वर्ग घेतला, तर तिथल्या प्रमाणपत्राला बाजारात वजन नसतं आणि लाइट गेली की नेटही जातं. तरीही धुणीभांडी आटोपून दोनला मोकळी होणारी बाई इथेच येऊ शकते, लेकराला कडेवर घेऊन. कॉलेज रोडच्या क्लासला जायचं तर रिक्षाभाडं आणि घरच्यांची परवानगी, दोन्ही मिळवावं लागतं. माउस पहिल्यांदा धरताना तिचं मनगट ताठ होतं. डबल क्लिक करताना दुसऱ्या टिचकीला बाण फाइलवरून सरकतो. तेव्हा बॅचचा वेग कामाचा नसतो, शेजारी बसलेली ताई लागते. शिकायचंही वेगळं असतं: मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, फोटोची साइज कमी करणं, ओटीपी कुणालाही न सांगणं. माझं मत विचाराल तर देणगीचा मोठा वाटा इथे जावा.

घरी सरावाला मशीन नसणं ही अडचण मात्र दोघींचीही आहे. ऑफिसांतले जुने लॅपटॉप दुरुस्त करून, मराठी कीबोर्ड टाकून, आळीपाळीने घरी द्यायला हवेत.