डीजीसीए: नियम चांगले, पण टिकत नाहीत (५ पैकी २ तारे)

विमानांच्या देखभालीत नोकरी केली, आता वेंगुर्ल्यात राहतो. भाची पायलट आहे, त्यामुळे डीजीसीए, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या कारभारावर माझं बारीक लक्ष असतं.

पायलटांच्या थकव्याबाबतचे नवे नियम खरंच उत्तम. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची लँडिंग ६ वरून २. जाहीर झाले जानेवारी २०२४ मध्ये. १ जूनपासून लागू व्हायचे होते, ते कंपन्यांच्या विरोधामुळे लांबले. शेवटचा टप्पा आला १ नोव्हेंबर २०२५ ला. पुढच्याच महिन्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि डीजीसीएने त्याच कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली! पायलट संघटना चिडल्या, आणि त्यांचं बरोबरच आहे. तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली होती. पायलट पुरेसे आहेत का, हे आधी कोणी तपासायचं?

जुलैत आमच्या चिपी विमानतळाच्या सड्यावर ढग खाली येतात, वारा आडवा, धावपट्टी ओली. उतरायचं की परत फिरायचं, हे तेवढ्यात ठरवावं लागतं. भाची म्हणते, "मामा, झोप अपुरी झाली की साधा आकडाही दोनदा वाचावा लागतो."

ई-जीसीए या खात्याच्या पोर्टलमुळे परवान्यांची कामं ऑनलाइन झाली, हे चांगलं. पण २०२५ मध्ये खात्यातली जवळपास निम्मी पदं रिकामी होती. तपासणी करणार कोण? आधी ती भरा, आणि सूट द्यायचीच असेल तर कारणं लेखी जाहीर करा.