हिशेबाच्या क्षेत्रातली पहिली नोकरी: नव्या शहरात जावे की आहे तिथेच राहावे?

लेखा क्षेत्रात नुकताच पाय ठेवलेल्या उमेदवारापुढे आहे तिथली नोकरी आणि नव्या शहरातली नोकरी असे दोन पर्याय आले, की तो सहसा पगाराचे दोन आकडे शेजारी शेजारी मांडतो आणि मोठ्या आकड्याकडे झुकतो. माझ्या मते पहिल्यांदा तुलना करायला हवी ती पुढच्या दोन वर्षांत आपल्या हातून प्रत्यक्ष कोणते काम होणार आहे, याची. तिसऱ्या वर्षी दुसरी नोकरी शोधताना समोरचा माणूस शहराचे नाव विचारत नाही. तुम्ही कोणती खाती स्वतः बंद केली आहेत, म्हणजे मुदतअखेरीला कोणत्या खात्यांचा हिशेब स्वतः पुरा केला आहे, हे विचारतो.

लहान कार्यालयात, मग ते कोणत्याही गावातले असो, एकाच माणसाला व्हाउचरपासून तेरीज पत्रकापर्यंतचा, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांच्या यादीपर्यंतचा, सगळा प्रवास करावा लागतो. बँक जुळवणी (आपली नोंद आणि बँकेचा उतारा यांचा मेळ), घसारा (वापरामुळे मालमत्तेच्या किमतीत धरली जाणारी घट), देणे असलेल्या खर्चाच्या तरतुदी, पगारपत्रक आणि शेवटी नफातोटा पत्रक व ताळेबंद हे सारे एका टेबलावर घडते, आणि त्यामुळे एका नोंदीचा परिणाम शेवटी कुठे जाऊन दिसतो याची समज लवकर येते. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जो नोंद करतो तोच पैसे देतो आणि तोच जुळवणी करतो, अशी स्थिती असली की अंतर्गत नियंत्रण, म्हणजे एकाच्या कामावर दुसऱ्याची नजर ठेवण्याची व्यवस्था, फक्त पुस्तकात वाचायला मिळते. शिवाय काम तपासणारा जाणकार वरिष्ठ नसेल तर चुकीची सवय वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही.

मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीत हेच काम तुकड्यांत वाटलेले असते. पुरवठादारांची बिले एका गटाकडे, ग्राहकांकडील येणे दुसऱ्याकडे, स्थावर व इतर मालमत्ता तिसऱ्याकडे, समूहातल्या सर्व कंपन्यांच्या हिशेबांचे एकत्रीकरण आणखी कुणाकडे. खरेदी आदेश, माल मिळाल्याची पावती आणि बिल या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, ही शिस्त तिथे रोजच्या कामात अंगवळणी पडते, आणि सॅप किंवा ओरॅकलसारख्या मोठ्या संगणकीय हिशेब प्रणालींवर हात बसतो. मात्र नवखा माणूस बिले नोंदवण्याच्या एकाच खिडकीत वर्षभर अडकू शकतो आणि त्या काळात ताळेबंद त्याच्या नजरेलाही पडत नाही. म्हणून मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारावा: महिनाअखेरीला कोणती खाती माझ्या जबाबदारीत असतील आणि ती कोण तपासेल? नेमके उत्तर मिळाले नाही, तर केवळ त्या जागेसाठी शहर बदलू नये. याउलट, आहे त्या कार्यालयात जाणकार वरिष्ठ तपासणी करत असेल आणि अंतिम हिशेबापर्यंत पोहोचू देत असेल, तर तिथे एक-दोन वर्षअखेरी काढणे शहाणपणाचे आहे.

नव्या शहरातली नोकरी लेखापरीक्षण संस्थेत असेल तर तुलनेचे स्वरूप बदलते. थोड्या काळात अनेक व्यवसायांची खाती हाताखालून जातात. साठ्याची मोजणी सुरू असताना गोदामात उभे राहावे लागते, कारण साठ्याची रक्कम महत्त्वाची असेल तिथे मोजणीच्या वेळी शक्य असेल तर हजर राहण्याची अपेक्षा आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानक 501 मध्येच आहे. वर्षअखेरीनंतरचे महिने मात्र अतिशय दमवणारे असतात आणि बरेच दिवस ग्राहकांच्या कार्यालयांत जातात, तेव्हा घर निवडताना स्वतःच्या कार्यालयाइतकाच या फिरतीचाही विचार करावा. पुढेमागे देश बदलण्याचा विचार असेल, तर आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानकांपैकी महसुलासाठीचे (विक्री व सेवांच्या उत्पन्नासाठीचे) आयएफआरएस 15 आणि भाडेकरारांसाठीचे आयएफआरएस 16 यांसारख्या मानकांवरचे काम अनेक देशांत उपयोगी पडते. करविषयक कामाचे तसे नाही, कारण प्रत्येक देशाचा करकायदा वेगळा असतो.

आता पैशाकडे वळू, आणि लेखापालाच्या नजरेने वळू. आहे तिथला पगार 100 धरला आणि नव्या शहरातला 140, पण त्या 140 पैकी 35 टक्के घरभाड्यात जाणार असतील, तर 49 वजा होऊन 91 उरतात. घरच्यांसोबत भाड्याविना राहणाऱ्यासाठी ही 40 टक्क्यांची वाढ प्रत्यक्षात घट ठरते, आणि यात कर, रोजचा प्रवास व घरी जाण्या-येण्याचा खर्च अजून धरलेलाच नाही. घराची अनामत परत मिळणार असल्याने ती खर्चात धरू नये, पण तेवढी रक्कम अडकून राहते हे विसरूही नये. दलाली, सामानाची वाहतूक आणि घरातल्या वस्तू हा एकदाच होणारा खर्च तुम्ही खरोखर किती महिने राहणार आहात त्यावर विभागावा. 36 महिन्यांवर किरकोळ वाटणारा हा बोजा 12 महिन्यांवर तिप्पट होतो. शिवाय कागदावर शिल्लक दिसली तरी रोख कमी पडू शकते, कारण अनामत आणि पहिले भाडे आधी द्यावे लागते व पगार महिना भरल्यावर येतो.

स्थलांतर भत्ता मिळत असेल तर त्याची अट नीट वाचावी. ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास तो परत करावा लागेल, असे कलम अनेकदा असते, आणि काही देशांत त्यावर करही लागतो. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो पैशापुरता राहत नाही. व्यावसायिक लेखापालांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत सचोटी आणि वस्तुनिष्ठता ही मूलतत्त्वे आहेत, आणि स्वहित व दडपण हे त्यांना असलेले धोके म्हणून नोंदवले आहेत. महसूल पुढच्या महिन्यातून या महिन्यात ओढून दाखवा, असे वरिष्ठाने सांगितले, तर नाही म्हणण्याचे बळ काही प्रमाणात हातातल्या शिलकीवर अवलंबून असते. ओळखीचे कुणी नसलेल्या शहरात, परतफेडीचे कलम डोक्यावर असताना, ते बळ कमी पडते. निदान तीन महिन्यांचा खर्च आणि परत करावी लागू शकणारी भत्त्याची रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर जाण्याची तारीख पुढे ढकलावी.

व्यावसायिक परीक्षा देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पडताळावी. एसीसीए या ब्रिटनमधल्या लेखापाल संस्थेच्या पात्रतेसारख्या पात्रतेसाठी 36 महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो आणि त्या काळातली कामगिरी पर्यवेक्षकाने प्रमाणित करावी लागते. दोन्हीपैकी कोणत्या ठिकाणी अशी पात्र व्यक्ती आहे आणि परीक्षेसाठी रजा लेखी कबूल केली जाते का, हे नेमणूकपत्र स्वीकारण्याआधी विचारावे. दूरस्थ कामाचा तिसरा पर्यायही असतो, परंतु पहिल्या दोन वर्षांत वरिष्ठाच्या शेजारी बसून जे कळते ते पडद्यावरून फार कमी कळते, म्हणून नवख्याला तो मी सुचवणार नाही.

जायचे ठरलेच, तर रुजू होण्याची तारीख वाटाघाटीत मागून घ्यावी. वर्षअखेरीच्या ऐन धावपळीत कुणालाही शिकवायला सवड नसते, आणि नवख्याच्या वाट्याला फायली शोधण्याचे काम येते. वर्षअखेरीच्या तीन-चार महिने आधी रुजू झाल्यास काही महिनाअखेरी हाताखालून जातात, खात्यांची ओळख होते आणि वार्षिक हिशेबाच्या वेळी काही खाती विश्वासाने सोपवली जातात. सध्याच्या नोकरीत वर्षअखेर जवळ आली असेल, तर ती तिथेच पूर्ण करून मग निघावे आणि नव्या मालकाला हेच कारण सांगावे. हिशेबाचे काम ओळखणारा माणूस त्यासाठी काही आठवडे थांबायला सहसा तयार होतो.