उणे वीसमधले आठ पेन्सिल सेल: एनर्जायझर अल्टिमेट लिथियमचं परीक्षण

पुण्यातून स्पिती-लडाखला कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) घेऊन निघणाऱ्या गटांत मेगापिक्सेल आणि ट्रिगरच्या वेगावर तासन्‌तास खल होतो. सेलची आठवण येते निघायच्या आदल्या दिवशी, तापकीर गल्लीत उभं राहून. क्रम उलटा हवा.

परीक्षण आहे एए आकाराच्या, म्हणजे पेन्सिल सेलच्या, एल९१ मॉडेलचं; एका कॅमेऱ्यात असे आठ लागतात. एकदाच वापरायचा, १.५ व्होल्टचा, लिथियम-आयर्न डायसल्फाइडचा. कंपनी -४० ते ६० अंशांची मर्यादा देते. अल्कलाइन सेलची खालची मर्यादा साधारण -१८ ते -२० ला संपते, आणि त्या टोकाला तो नावापुरताच जिवंत असतो. त्याचं इलेक्ट्रोलाइट पाण्यातलं; थंडीत आयन रेंगाळतात, अंतर्गत रोध वाढतो. दिवसाचे फोटो कसेबसे निघतात. रात्री इन्फ्रारेड फ्लॅशला एकदम करंट लागतो, व्होल्टेज बसतं, फोटो काळा येतो किंवा कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. काही मॉडेलांत त्या झटक्यात घड्याळही कारखान्यातल्या तारखेवर जातं, मग हिमबिबट्या कुठल्या तरी जुन्या १ जानेवारीला येऊन गेलेला दिसतो. एल९१ मध्ये पाणी नाही, सेंद्रिय द्रावक आहे. स्पितीत पारा -२५ च्या खाली गेला तरी तो फ्लॅश पेटवतो.

एवढी काटेकोरी कशाला? २०१९ ते २०२३ मध्ये झालेल्या देशातल्या हिमबिबट्यांच्या मोजणीत १,९७१ ठिकाणी कॅमेरे लागले, एकूण १,८०,००० कॅमेरा-रात्री (एक कॅमेरा एक रात्र चालला की एक). म्हणजे एका जागी सरासरी नव्वदेक रात्री. त्यातून २४१ वेगवेगळे प्राणी ओळखले गेले आणि अंदाज निघाला ७१८ चा. ठिपक्यांवरून ओळख पटवून घनता काढताना प्रत्येक कॅमेरा किती रात्री खरोखर जागा होता, हे गणितात जातं. विसाव्या रात्री मेलेला कॅमेरा वहीत नव्वद रात्री चालू धरला, तर उरलेल्या सत्तर रात्री तिथे कोणी फिरकलंच नाही असा अर्थ होतो आणि संख्या कमी भरते. म्हणून ज्या मॉडेलात सोय आहे त्यात रोज दुपारी १२ ला एक फोटो आपोआप निघेल असं लावून ठेवा. शेवटचा दुपारचा फोटो म्हणजे कॅमेऱ्याची मृत्यूची तारीख.

पैसे मोजण्याआधी परीक्षा घरीच घेता येते. घरचा फ्रीजर साधारण -१८ ला असतो, म्हणजे अल्कलाइनच्या अगदी हद्दीवर. कॅमेऱ्यात सेल आणि रिकामं कार्ड घाला, टाइम-लॅप्सवर दर ५ मिनिटांनी एक फोटो लावा, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पाकिटासह झिप पिशवीत बंद करून २४ तास आत ठेवा. दार बंद झालं की आत अंधार, त्यामुळे प्रत्येक फोटोला फ्लॅश पेटतो. सेलला याहून कडक कसोटी नको. फोटोत पांढऱ्या धुरकटाशिवाय काही दिसणार नाही. मोजायच्या त्या फाइली: २८८ च्या आसपास हव्यात, आणि तारखा ओळीने. बाहेर काढल्यावर पिशवी तीन-चार तास उघडू नका. जुलैतल्या पुण्याच्या दमट हवेत गार कॅमेऱ्यावर, आतल्या सर्किटवरसुद्धा, लगेच दव धरतं. स्पितीत बाहेरून उबदार खोलीत कॅमेरा आणतानाही हेच. सिलिका जेल बोहरी आळीत शोधा. रंग बदलणारे दाणे घ्या, ओल प्यायल्याचं कळतं.

आता दोष. या सेलचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग कड्यावरून घसरावं तसं पडतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावरची बॅटरीची खूण भरलेली दिसते, आठवड्याने कॅमेरा मेलेला. तिच्यावर अजिबात विसंबू नका. सेल बाहेर काढून, उबेला आणून मल्टिमीटर लावा: नवा सेल १.८ च्या जवळपास दाखवतो, १.७ च्या खाली गेलेला परत घालू नये. तोही अंदाजच, त्यामुळे दुर्गम जागी पोचलाच आहात तर आठही बदला. एखादाच नवा घालून सात जुने ठेवणं सगळ्यात वाईट. दुबळा सेल बाकीच्यांच्या रेट्यात उलटा चार्ज होतो. दुसरी गोष्ट, नवे आठ सेल एका माळेत मिळून सुरुवातीला १४ व्होल्टच्या वर दाखवतात. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात लिथियम चालतात असं लिहिलंय ना, बघून घ्या.

खरेदी करताना ‘लिथियम’ एवढंच म्हणू नका. त्याच आकारात तीन वेगळ्या वस्तू मिळतात. एक हा. दुसरा १.५ व्होल्टचा रिचार्जेबल लिथियम-आयन: आत छोटं सर्किट असतं, कडाक्याच्या थंडीत ढेपाळतो. तिसरा १४५००, दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल, पण ३.७ व्होल्टचा. ते आठ घातले की कॅमेरा जागच्या जागी जळू शकतो. पाकिटावर एल९१ वाचा आणि तळहातावर तोलून बघा: हा १५ ग्रॅम, अल्कलाइन २३ च्या घरात. ३० कॅमेऱ्यांच्या २४० सेलमागे जवळपास दोन किलो वाचतात, आणि साडेचार हजार मीटरवर ते पाठीला कळतं.

विमानात सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत. मूळ पाकिटात, टोकं एकमेकांना न लागतील असे, केबिनमध्ये घ्या. शेकड्यांनी असतील तर विमान कंपनीला आधी विचारा.

किंमत झोंबते, एकाच्या पैशात अल्कलाइनचे सहज चार-पाच येतात. हिमालयातल्या हिवाळ्यासाठी तरी हेच घ्या. जुन्नरच्या उसातल्या बिबट्यासाठी मात्र ही उधळपट्टी आहे. तिथे चांगले निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल पुरतात, फक्त १.२ व्होल्टवर आपला कॅमेरा कुरकुरत नाही ना, तेवढं आधी बघून घ्या.