डोंबिवलीतला पुरुषांचा शनिवार ग्रुप – दादा जातो, त्याचा रिव्ह्यू

माझा दादा 36 वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम आहे त्याला. स्पेशल शाळा 18 व्या वर्षी संपली, मग कार्यशाळा, तिथे कागदी पिशव्या आणि दिवाळीच्या पणत्या, दुपारी घरी की रात्रीपर्यंत टीव्ही. बाबा गेल्यापासून त्याच्या आजूबाजूला सगळ्या बायकाच, आई, मी, कार्यशाळेतल्या ताई, मावशी. सगळ्या जीव लावतात पण मित्र असा एकही नाही. त्यामुळे बौद्धिक दिव्यांग पुरुषांसाठी शनिवारी संध्याकाळी वेगळा ग्रुप सुरू झालाय असं पालकांच्या व्हॉट्सॅपवर कळलं आणि आम्ही लगेच नाव घातलं. आता तो चांगला रुळलाय म्हणून लिहितेय, बऱ्याच पालकांना प्रश्न असतात.

आठ-दहा जण असतात, विशीतल्यापासून पन्नाशीपर्यंत. ग्रुप घेणारे दोघं पुरुषच आणि मदतीला एक सोशल वर्क शिकणारा मुलगा. मला पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे पालकांना आत बसू देत नाहीत, खाली थांबायचं नाहीतर सरळ घरी जायचं. आईला हे फार जड गेलं, त्याला तहान लागली तर, तो सांगणार नाही तर. पण आई समोर असली की दादा प्रत्येक उत्तराआधी तिच्याकडे बघतो आणि बहुतेक वेळा उत्तरही तीच देते. आई नसली की वेळ लागतो, पण तो बोलतो. ग्रुपचे नियम त्यांनीच ठरवलेत, चित्रं काढून भिंतीवर लावलेत: एकाने बोलायचं, न विचारता मिठी मारायची नाही, नको असेल तर नको म्हणायचं. हा शेवटचा नियम दादाने घरी आणलाय, आईने ताटात जास्तीची पोळी वाढली की हात आडवा करून "नको" म्हणतो, आधी निमूट खायचा.

दाढीचं सांगते. इतकी वर्षं आईच त्याची दाढी करायची. ग्रुपमध्ये एकदा ओळखीचे सलूनवाले काका आले, प्रत्येकासमोर आरसा, फोम, गालावर वरून खाली कसं न्यायचं, गळ्याशी कातडी कशी ताणायची, सगळं हातात हात धरून दाखवलं. ज्यांचा हात थरथरतो त्यांना ट्रिमर. दादाला हनुवटीवर जरासं कापलं, काकांनी तुरटी लावली आणि वस्तरा परत त्याच्याच हातात दिला. आता रविवारी सकाळी बाथरूमचं दार लावून स्वतः करतो, कानाजवळ थोडी राहते, राहू दे.

दुसरा विषय लिहायला अवघड आहे पण लिहितेच, कारण घरोघरी हाच प्रश्न असतो आणि कोणी तोंड उघडत नाही. शरीराबद्दल, हस्तमैथुनाबद्दल ते सरळ, शांतपणे बोलतात. चित्रांचे दोन गठ्ठे करायचे, चारचौघांत काय चालतं आणि आपल्या खोलीत दार लावून काय. ओरडणं नाही की लाजवणं नाही. आपल्याला कोणी नको तिथे हात लावला तर कोणाला सांगायचं हेही त्यातच येतं. आणि मग पालकांना वेगळं बसवून सांगितलं की त्याच्या खोलीत शिरताना तुम्हीपण दार वाजवा. बाबांच्या मागे त्याला एकटीने सांभाळणाऱ्या आईला हे मी कधीच सांगू शकले नसते.

महिन्यातून एकदा बाहेर जातात, कुठे ते फोटो ठेवून मतं घेऊन ठरतं. एकदा लोकलने अपंगांच्या डब्यातून ठाण्याला गेले, तलावपाळीला बोटिंग, मग मामलेदारची मिसळ. दादाला तिखट झेपलं नाही तरी त्याने ताट सोडलं नाही. पैसे ज्याचे त्याने द्यायचे, खिशात नोट, सुट्टे परत घेऊन मोजायचे, मागे रांग खोळंबली तरी कोणी घाई करत नाही.

पालकांची मीटिंगही कामाची असते. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्वाचा कागद (18 वर्षांनंतरही त्याच्या वतीने निर्णय घेता यावेत म्हणून) कसा काढायचा, निरामय हा आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा आहे, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हे सगळं सांगतात, आणि कागद हातात आला म्हणून त्याचा शर्ट तुम्ही निवडायचा असं नाही, हेही स्पष्ट सांगतात.

आता खटकलेलं. हॉल दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणजे व्हीलचेअरवाला आपोआप बाद, हे अजिबात पटत नाही. फी तीन महिन्यांची आगाऊ घेतात, पेन्शनवरच्या आईवडिलांना ती जड जाते, सवलत आहे पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मध्ये घेणाऱ्यांपैकी एक दादा नोकरी बदलून गेले, आधी कल्पना दिलीच नाही, आमचा दादा कितीतरी शनिवार त्यांची खुर्ची कोणाला घेऊ देत नव्हता. अशा माणसांसोबत काम करताना निरोप घ्यायलाही एक सेशन ठेवायलाच हवं, हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं असली तरी बोलणारेच जास्त वेळ खातात.

तरी पाचपैकी चार. तुमच्या गावात सुरू करायचा विचार असेल तर मोठा हॉल, फंड वगैरेची वाट बघू नका, पाच-सहा जण, दोन भरवशाचे पुरुष, ठरलेला वार आणि तळमजल्यावरची खोली एवढं पुरे. मात्र त्या दोघांची ओळखपाळख, आधीचं काम नीट तपासा आणि कोणीही एकाने एकट्याला घेऊन बंद खोलीत बसायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. इथेच यायचं असेल तर चौकशीला तुमच्या मुलाला किंवा भावाला सोबत घेऊन जा, फॉर्मवरचे अर्धे प्रश्न ते त्यालाच विचारतात.