गाडी स्टार्ट होईना आणि मेकॅनिक म्हणतो ‘ईसीएम गेला’: नवा, दुरुस्त की स्क्रॅपमधला?

एस्टिमेटवर ईसीएमचा (इंजिन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा) पाच अंकी आकडा दिसला की डोक्यात एकच घोळ सुरू होतो: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नवा बसवायचा, बाहेर दुरुस्त करून घ्यायचा, की स्क्रॅपमधला टाकायचा? तिन्ही पर्याय पाहूच. पण ईसीएम खरंच गेलाय हे कोणी ठरवलं, आणि कशावरून? माझ्या मते पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथेच. कोणता पर्याय निवडला हा त्याच्या पुढचा भाग.

निदानाची साधनं तीन, आणि तिघांची धाव वेगवेगळी. काही शे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल बहुतेक वेळा फक्त इंजिनच्या बिघाडाचे कोड वाचतो. बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, लॉक, काचा सांभाळणारा डबा) किंवा इमोबिलायझरमध्ये (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) काय चाललंय ते त्याला सहसा दिसत नाही, त्यामुळे ‘कोड नाहीत’ याचा अर्थ ‘बिघाड नाही’ असा घेऊ नका. कंपनीचा स्कॅनर किंवा चांगला मल्टिब्रँड स्कॅनर सगळ्या मॉड्यूलशी बोलतो. पण त्यावर ‘यू०१००’ आला तर तो एवढंच सांगतो की इंजिनच्या ईसीएमशी संपर्क तुटलाय. का तुटला, ते नाही. फ्यूज उडाला असेल, ईसीएमला सप्लाय देणारा मेन रिले बिघडला असेल, अर्थिंगचा बोल्ट गंजला असेल, पावसाळ्यात बॉनेटखाली मुक्काम केलेल्या उंदराने वायर कुरतडली असेल. या सगळ्यांत स्कॅनरवर दिसणार तेच.

म्हणून तिसरं साधन, मल्टिमीटर आणि साधा बल्ब, मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. आधी बॅटरी: पूर्ण चार्ज असेल तर १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली घसरत असेल तर मॉड्यूल अर्धवट झोपतात आणि स्कॅनरवर नको नको ते कोड उमटतात. मग ईसीएमच्या सॉकेटवर करंट आणि अर्थिंग, आणि तेही बल्ब लावून. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो, बल्ब मात्र मिणमिणतो. त्यानंतर बॅटरीची वायर काढून स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर जोडतात तो) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स बघायचा. कॅन लाइन (मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची जोडी) धड असेल तर साधारण ६० ओहम येतो. १२० आला तर लाइनचं एक टोक तुटलंय, शून्याच्या आसपास आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. (नव्या गाड्यांत सॉकेट आणि बाकी मॉड्यूल यांच्या मध्ये गेटवे नावाचा वेगळा मॉड्यूल असतो. तिथे हा आकडा फक्त सॉकेट ते गेटवे एवढ्याच लाइनचा.)

आणखी एक जागा हमखास फसवते. ईसीएम सेन्सरना ५ व्होल्ट पुरवतो. त्यातला एखादा सेन्सर शॉर्ट झाला की ते ५ व्होल्ट कोसळतात, आणि काही गाड्यांत ईसीएम मेल्यासारखाच वागतो. सेन्सरचे प्लग एकेक करून काढत जायचं. एखादा काढताच स्कॅनर बोलायला लागला, तर ईसीएम ठणठणीत आहे.

एवढं करूनही बोट मॉड्यूलकडेच जात असेल, तर आता पर्याय.

नवा मॉड्यूल महाग, पण वॉरंटीतल्या गाडीला दुसरा विचारच करू नका. बाहेर डबा उघडला की क्लेम लटकलाच म्हणून समजा. नव्या मॉड्यूलमध्ये प्रोग्रॅम टाकावा लागतो आणि किल्ल्या पुन्हा जुळवाव्या लागतात. हे चालू असताना बॅटरीला स्थिर सप्लाय जोडणार का, ते विचारून घ्या. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवाकोरा मॉड्यूलही निकामी होऊ शकतो.

वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी माझा कौल दुरुस्तीला. पाणी शिरून हिरवट झालेल्या पिना, फुगलेला कपॅसिटर, इंजेक्टर चालवणारी जळालेली ड्रायव्हर चिप, तडकलेलं सोल्डर, हे जाणकार माणूस बदलू शकतो. शिवाय मॉड्यूल तोच राहतो, त्यामुळे इमोबिलायझरची जुळणी सहसा मोडत नाही. मात्र मुख्य प्रोसेसरच जळाला असेल तर हा रस्ता जवळपास बंद. टेबलावर चालवून दाखवणारा आणि लेखी वॉरंटी देणाराच माणूस गाठा.

स्क्रॅपमधला सगळ्यात स्वस्त दिसतो आणि सगळ्यात जास्त अडकवतो. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा. जुळला तरी त्यात आधीच्या गाडीच्या किल्लीची ओळख बसलेली असते. तसाच लावला तर सेल्फ फिरेल, इंजिन पकडणार नाही, किंवा पकडून दोन सेकंदांत बंद पडेल, आणि इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहील. तुमच्या मॉड्यूलमधला डेटा त्यात उतरवून देणारा माणूस आधी ठरला असेल तरच हा सौदा करा.

कोणताही पर्याय घ्या, जॉब कार्डवर बॅटरीचं व्होल्टेज, अर्थिंगची तपासणी आणि ६-१४ पिनांचा आकडा लिहून घ्या. आणि काढलेला मॉड्यूल गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. उद्या दुसऱ्यात उतरवायचा तो डेटा त्याच डब्यात आहे.