दिवाळीच्या किराणा कार्डात ३१,५०० रुपये बुडाले

बेळगावच्या शहापूर, वडगाव, अनगोळ भागात कुणाकडे गुलाबी किराणा कार्ड असेल तर आज हप्ता थांबवा.

स्कीम कशी असते ते सांगायला नको. महिना १,००० रुपये, अकरा हप्ते, दिवाळीला १२,००० चा बाजार, वर पाच किलो बेळगाव बासमती. डिसेंबर ते सप्टेंबर माझ्या, जाऊबाईंच्या आणि सासूबाईंच्या कार्डांचे ३०,००० भरले. शिवाय 'तेल-डाळ जुन्या भावात धरून ठेवतो' म्हणून दुकानदारानं कार्डामागे ५०० जादा घेतले. दसऱ्याच्या तोंडावर शटरला कुलूप. फोन बंद.

पुण्याची नणंद म्हणते, ॲपवरून का नाही मागवत? तिकडे दहा मिनिटांत सामान दारात येतं. इथं वर्षाचं धान्य रविवार पेठेतून भरायचं आणि महिन्याची यादी ओळखीच्या दुकानात टाकायची, हीच रीत. लॉकडाऊनमध्ये ज्यानं उधारीवर पीठ-मीठ दिलं, त्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. पाडव्याला त्यानं पहिल्यांदा छापील बिल दिलं. वर जीएसटी नंबर, सुरुवात २७ नं. कर्नाटकातल्या दुकानाचा नंबर २९ नं सुरू होतो, २७ म्हणजे महाराष्ट्र. बिल माझ्या हातात होतं, नंबर ठळक होता. मी विचारलंसुद्धा. "माल कोल्हापूरचा हाय न्हवं वहिनी, तिकडचंच बिल येतंय." पटलं, कारण आमच्या घरात गूळ कोल्हापूरचा, मिरची ब्याडगी, तांदूळ खानापूरचा. हद्दीवर राहणाऱ्याला २७ काय नि २९ काय! दुकान बेळगावात आणि नंबर २७ चा दिसला, तर जीएसटीच्या साइटवर टाकून बघा. फुकट आहे.

इकडच्या पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे, बिल महाराष्ट्राचं, तिकडं जा. तिकडं गेलो तर म्हणे, दुकान कर्नाटकात, पैसे तिथं दिले, आमचा काय संबंध? परत इकडं, तर तक्रार कन्नडमध्ये लिहून आणा. लिहून घेतली, तर साहेब बंदोबस्तावर. बाकावर बसलेल्या सासूबाईंना एक हवालदार म्हणाला, "आजी, कार्ड घेताना आम्हाला विचारलं होतं काय?" चोर सोडून आमचीच उलटतपासणी! हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट आहे. हे आम्हाला वकिलानं सांगितलं, ठाण्यात कुणी नाही.

हप्ता रोख देऊ नका. क्यूआरवर दुकानाऐवजी भलत्याचंच नाव आलं तर पैसे पाठवू नका. ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आमचे रोख गेले, कार्डावर नुसता शिक्का आणि एक वाकडी सही.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून आता तिथं जातोय. गुलाबी कार्डवाल्यांनो, कार्ड फाडू नका, झेरॉक्स काढून ठेवा. आयोगाच्या परवानगीनं सगळ्यांची मिळून एकच तक्रार करता येते.